धुराड्याची झडप

शेगडी बाहेर निघाली तरी वेंडल गुडघ्यांवरून उठला नाही. सकाळपासून त्याने काढता येईल तेवढा वेळ काढला होता. चार स्क्रूंना अर्धा तास. छपरावर चढून धुराड्यातली नळी ओढायला दोन तास. भुशाच्या गोळ्यांवर चालणारी एक शेगडी काढायला अख्ख्या मेन राज्यात कुणी एवढा घोळ घातला नसेल.

घटस्फोटाच्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं. शेगडी वेंडलची, पण घर सोडताना ती जिच्यात बसवली होती ती भिंतीतली लाकडांची फायरप्लेस पूर्वी होती तशी करून द्यायची. बाकी सामान ट्रकमध्ये भरून झालं होतं. एवढं काम संपलं की या घरात त्याचं काहीच उरणार नव्हतं.

कोरीन स्वयंपाकघरात बिटाचं लोणचं भरत होती. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव, खाली तारीख. लग्नापासूनची खोड. "एक दिवस माझ्या कपाळावरही चिकटवशील," असं तो चिडवायचा. आज चिडवायची त्याची छाती होईना.

बारा वर्षांपूर्वी एका डिसेंबरात त्याने तिला दुसऱ्या एका बाईबद्दल सांगून टाकलं होतं. कोरीन आठवडाभर बोलली नाही. मग त्याने ही शेगडी आणली. तिला पुन्हा लाकडं वाहायला नकोत, राख उपसायला नको. कडाक्याच्या थंडीत एकट्याने बसवली. पेटली तेव्हा कोरीन समोर येऊन बसली, हात शेकले आणि म्हणाली, "छान ऊब येतेय." तिने माफ केलं, हे त्याने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. या एप्रिलात त्याचा पाय पुन्हा घसरला. पण एकदा माफ करणारी बाई दुसऱ्यांदाही करेल, या एकाच आशेवर तो ऑक्टोबरपर्यंत तगला होता.

त्याने धुराड्यात हात घालून चाचपलं आणि त्याला देवच पावला.

"कोरीन, इथे झडप नाहीये!"

"कसली झडप?"

"धुराडं बंद करायची, बिडाची. नळी घालताना मीच काढून कचऱ्यात टाकली होती. तिच्याशिवाय घरातली सगळी ऊब वर निघून जाईल. हे जुनं माप बाजारात मिळायचं नाही, ओतूनच घ्यावी लागेल. दोन-तीन आठवडे तरी लागतील." आवाजातला आनंद त्याला लपवता येईना. "तोवर मी येत जाईन. नाहीतर... राहतोच ना मी. बाहेरच्या खोलीत झोपेन. कोरीन, एवढी एक संधी दे गं!"

कोरीनने हात पुसले आणि ती तळघरात गेली. तिथल्या तिच्या फळीकडे वेंडल कधी फिरकलाही नव्हता. लोणचं वर यायचं, तो खायचा. ती परतली तेव्हा तिच्या कडेवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिने ते त्याच्यापुढे उलगडलं. तेल लावून ठेवलेली झडप. गंजाचा ठिपका नाही.

"कचऱ्यातून काढून ठेवली होती. लाव."

त्याने ती वर चढवली. जिथल्या तिथे बसली.

"आणि ती अडकवायची खीळ?" तो कसाबसा म्हणाला.

तिने एप्रनच्या खिशातून छोटी बरणी काढून त्याच्या हातात दिली. आत खीळ होती. बाहेर चिकटपट्टी, तिच्यावर कोरीनचं अक्षर: 'धुराड्याची खीळ. वेंडल गेल्यावर लागेल.'

"हे तू... एप्रिलात लिहिलंस?"

"खाली तारीख आहे," कोरीन म्हणाली आणि लोणच्याकडे वळली.

तारीख शेगडी पहिल्यांदा पेटली त्या दिवसाची होती.