बायोचा धूर

डॉक्टरांची जुनी डिझेल गाडी धुराच्या तपासणीत दुसऱ्यांदा नापास होऊन आली, तेव्हा मिस्त्रीनं तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "काय गं बायो? कुठं अडतंय तुझं?"

प्रवासाचे कपडे घालून गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीणीच्या कपाळावर आठी पडली. या सुरात नवऱ्यानं तिला शेवटचं कधी विचारलं होतं, हे शोधायला संसाराच्या तळापर्यंत बुडी मारावी लागली असती.

"अहो, बस निघून जाईल. या खेपेला दोघंही येतोय म्हणून आईला सांगून बसलेय मी."

"हं," मिस्त्री इंजिनला म्हणाला.

मिस्त्रीच्या कानांची कीर्ती मोठी. तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या गाडीचा पट्टा सैल झाला, तर हा इकडे झोपेतून उठून बसायचा. एकदा तर डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे न बघताच म्हणाला, "उजव्या अंगाला तेल कमी पडतंय," आणि विमान खरोखर परत फिरलं. बायको मात्र शेजारी बसून बोलली तरी याचं ठरलेलं, "आं? काय म्हणालीस?"

सकाळपासून तो बायोला लागला होता. हवेचा फिल्टर नवा घातला. नोझल काढून धुतले, न्हाऊ घातलेल्या बाळाचे कान पुसावेत तसे पुसले. तरी धूर काळा तो काळाच. आज पास झाली नाही, तर उद्यापासून बायो रस्त्यावर यायची बंद.

"अगं, आत बस जरा," शेवटी तो बायकोला म्हणाला. "मी मागून धूर बघतो, तू ॲक्सिलरेटर दाब. हळू हं, लागेल तिला."

मिस्त्रीण बॅग शेजारी ठेवून आत बसली. लागेल तिला. मागच्या आठवड्यात मिस्त्रीणीचं बोट दारात चेमटलं होतं, तेव्हा यानं आधी बिजागरी तपासली होती.

तिनं पाय ठेवला आणि टेकेपर्यंत दाबला.

बायो किंचाळली. मागून असा काही धूर सुटला, की समोरच्या शिंप्यानं दिवसाढवळ्या दिवा लावला आणि झाडावरचे कावळे घरट्यात जाऊन बसले.

"अगं सोड, सोड, मरेल ती," धुराच्या पोटातून मिस्त्री ओरडत होता.

"घे बायो," मिस्त्रीण दातओठ खात म्हणाली. "अजून घे. लाडाची ना तू."

आणि बायोचा आवाज फिरला. घशातली खरखर गेली. धूर काळ्याचा करडा झाला, करड्याचा विरळ झाला आणि मग दिसेनासाच झाला. डॉक्टर घर ते दवाखाना गाडी न्यायचे ती अंड्यांची टोपली नेल्यासारखी. आत थरावर थर धरून बसलेली काजळी एका दमात बाहेर पडली होती.

मिस्त्रीनं पाइपामागे कोरं फडकं धरून पाहिलं. कोरंच राहिलं. तव्यासारखं तोंड घेऊन तो धावत पुढं आला. मिस्त्रीणीनं खिडकीची काच खाली केली, कपाळावरचे केस मागे सारले. तो खिडकीवरून तसाच पुढं गेला आणि त्यानं बॉनेट कुरवाळलं.

"मोकळी झालीस गं," तो म्हणाला. "गुणाची माझी बाय."

मिस्त्रीणीनं इंजिन बंद केलं.

"चला मग आता. तपासणीला डॉक्टर नेतील की."

"त्यांना काय कळतंय तिचं?" बॉनेट उघडून मिस्त्रीनं पुन्हा आत डोकं घातलं. "ते यंत्र लावलं की बावरते ती. अशा वेळी जवळ आपलं माणूस पाहिजे. तू हो पुढं. मी येतो मागनं, उद्या-परवा."

मिस्त्रीणीनं शेजारची बॅग मांडीवर ओढली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग तिनं बॅग उघडली. त्याचे इस्त्रीचे दोन सदरे काढून शेजारच्या सीटवर एकावर एक नीट टेकवून बसवले, त्यांच्यावरून पट्टा ओढला आणि लावला. खट्.

बॅग घेऊन ती उतरली, दार धाडकन लोटलं आणि चपला फटफटवत रस्त्याला लागली.

"डावीकडच्या पट्ट्याचं लॉक कोरडं पडलंय गं," बॉनेटखालून मिस्त्री मायेनं म्हणाला. "थांब, तेल सोडतो."