दोन पेन्सच्या नाण्याखाली

या, असे पुढे सरकून बसा. लेस्टरच्या एका गॅरेजातली गोष्ट सांगतो. तिच्यात एक रागावलेला माणूस आहे, तेव्हा मन शांत ठेवून ऐका.

"हे बघ! हे बघ जरा!"

डॉक्टर मोहन करंदीकरांनी नेमबाजीच्या टार्गेटचा पुठ्ठा डायनिंग टेबलावर असा आपटला की चहाचा कप बशीत नाचला. पुठ्ठ्यावर पाच भोकं होती, तळहाताएवढी पसरलेली.

त्यांचा जावई कुश नुकताच दारातून सासूबाईंची बॅग आत आणत होता. लेकीच्या, उर्वीच्या बाळंतपणासाठी उल्काताई तीन आठवडे मेडनहेडला होत्या, त्या आज परतल्या.

"आय कॅन सी, बाबा. पाच होल्स आहे."

"दोन वर्षं ही पाच भोकं दोन पेन्सच्या नाण्याखाली झाकली जायची! तू आईला न्यायला आलास, गॅरेजात शिरलास, आणि त्यानंतर हे!"

"मी पाळणा घ्यायला गेलो होतो. तुमची ती पावडर मोजायची काटा मी टच पण नाही केली."

"तुमचा काटा! टच केला! व्हीगन ना तू? हरणांचा कळवळा तुला."

"कळवळा म्हणजे?"

"अहो, चहा निवतोय," उल्काताई म्हणाल्या.

कुशने चहा घेतला नाही. बॅग जिन्यापाशी ठेवली आणि बाळाकडे परतायला उशीर होतोय म्हणून तो निघून गेला.

डॉक्टर हाडांचे सर्जन होते, निवृत्त. दरवर्षी स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जात. तीन वर्षांपूर्वी त्यांची गोळी एका मोठ्या नराच्या मागच्या पायाला लागली. तो सापडायला दीड तास लागला. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं, तेव्हा उल्काताईंनी एकच विचारलं होतं, "दीड तास जिवंत होता?"

सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली बाई. अंड्यालाही हात न लावणारी. त्या दिवशी जेवली नाही.

डॉक्टरांनी देवापुढे शपथ घेतली. आता काडतुसं स्वतः भरायची, आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या त्या नाण्याखाली मावल्या नाहीत, तर रायफल पोलिसांत जमा करायची. मग एक आख्खा हिवाळा गॅरेजात गेला. पावडर चिमूटभर वाढवून बघ, कमी करून बघ, गोळी केसभर आत बसवून बघ. शेवटी भोकाला भोक चिकटलं.

त्यांचा एक नेम होता. रविवारी सकाळी जुन्या तराजूच्या काट्यावर पावडर मोजायची, काडतुसांच्या वीस पितळी पुंगळ्यांत भरायची, आणि त्या तशाच उघड्या ठेवून आंघोळीला जायचं. पूजा करायची, आरती म्हणायची. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्यासाठी देवाची परवानगी मागायची, आणि मगच पुंगळ्यांवर गोळ्या बसवायच्या.

पण त्या हिवाळ्यापासून उल्काताई रविवारच्या आरतीला यायच्या बंद झाल्या. घंटा वाजली की कुठेतरी नाहीशा. डॉक्टरांना कळायचं ते कळलं. हा मुका संप होता, त्यांच्या शिकारीविरुद्धचा. ते बोलले नाहीत, पण दर रविवारी आतून जळत राहिले.

आज मात्र बोलले.

"कुशने केलं नसेल, तर राहिलं कोण? तुला माझी शिकार कधीच आवडली नाही. खरं सांग, माझ्या काडतुसांना हात लावतेस तू?"

उल्काताई बाळाची दुपटी बॅगेतून काढत होत्या. "उद्या पुन्हा भरा," त्या म्हणाल्या.

"उद्या शेवटचं. बुधवारी स्कॉटलंडला निघायचंय. दुपारी रेंजवर जमलं नाही तर सोमवारी रायफल पोलिसांत. संपलं!"

"जमेल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

रविवार उजाडला. डॉक्टर कॅलेंडर हातभर लांब धरून तिथी बघत होते. "हल्ली हे लोक मुंगीएवढी अक्षरं छापतात. कागद वाचवतात लेकाचे!" कॅलेंडर खुंटीवर फेकल्यासारखं अडकवून ते गॅरेजात गेले. वीस पुंगळ्या भरल्या, आंघोळ केली, देवासमोर उभे राहिले. घंटा वाजवली.

उल्काताई नव्हत्या.

आज शेवटची आरती असेल या शिकारीची, आणि आजही नाही! त्यांचा आवाज चढला. मग कापराची डबी उघडली तर रिकामी. नवी बेलग्रेव्ह रोडच्या देशी दुकानातून आणलेली, गॅरेजातल्या फ्रीझरवर.

"उल्का! कापूर!"



त्यांनी घंटा खाली ठेवली. आरती मध्येच सोडणं आयुष्यात पहिल्यांदा. आज हिला सोडत नाही, असं पुटपुटत पॅसेज ओलांडला आणि गॅरेजचं दार धाडकन उघडलं.

उल्काताई डॉक्टरांच्या टेबलापाशी बसल्या होत्या. नाकावर फार्मसीतला जाड चष्मा, हातात चिमटा. एक पुंगळी तराजूच्या पारड्यात रिकामी करून पावडरीचा एकेक कण त्या उचलत होत्या, काटा बरोबर रेघेवर येईपर्यंत. ओठांवर आरतीच होती, भिंतीपलीकडे जिथे थांबली त्याच्या पुढच्या कडव्याची.

त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, आरती अर्धी टाकून कसे आलात? माझ्या अजून आठ राहिल्यात."

मंडळी, उद्या तुमच्या घरी घंटा वाजेल आणि कोणीतरी जागेवर दिसणार नाही, तेव्हा आवाज चढवण्याआधी आमच्या उल्काताईंची आठवण काढा.