बारा जागांचं ऊन

थोरली जंगलात झाडांखाली गुडघ्यांवर बसली आणि काठी जमिनीलगत आडवी धरली. काठीत ऊन मोजणारे ऐंशी बारीक डोळे बसवलेले होते. नियम असा, की ठोकलेल्या खुंटीपाशी सावली असो वा कवडसा, जे असेल ते मोजायचं. आज मात्र ती खुंटीपासून हातभर सरकली. उन्हाचा चांगला रुंद कवडसा बघून तिने काठी टेकवली. आकडा चढला. तो तिने वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

हिशोब सोपा होता. मोकळ्यावर किती ऊन पडतं आणि झाडांखाली किती गळतं, यातला फरक म्हणजे पानांनी प्यायलेलं ऊन. खाली जास्त गळलं, तर पानं कमी प्यायली. हेच गणित तिची धाकटी बहीण कार्यालयात खुर्चीत बसून मांडायची, उपग्रहाने टिपलेल्या पानांच्या रंगांवरून. साडेदहाला उपग्रह डोक्यावरून जाणार होता. त्याच वेळचे खालचे आकडे हवे होते.

"तुमचे आकडे जुळले की धाकटीचा नकाशा पक्का झाला म्हणायचा," कार्यालयातले सर सकाळी फोनवर म्हणाले होते.

म्हणजे आपण शिक्का मारायला. अकरा वर्षं गुडघे आपण झिजवले, काटे आपल्याला टोचले, आणि आई शेजारणीला सांगते, "धाकटी आकाशातून जंगल बघते." थोरलीचं विचारलं, तर म्हणते, "ती आहे तिथेच, झाडीत."

बारा खुंट्या होत्या. बाराही ठिकाणी तिने कवडसे शोधले. खोटा असा एकही आकडा लिहिला नाही. यंत्राने दाखवला तोच लिहिला.

दुपारी ती कार्यालयात पोचली तेव्हा धाकटीने तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. वही उघडली गेली. सर धाकटीच्या खांद्यावरून वाकून बघत होते. संगणकाच्या पडद्यावर पानांनी प्यायलेलं ऊन शंभरात ऐंशी होतं. वहीची बेरीज-वजाबाकी त्रेसष्टावर येऊन थांबली.

"शंभरात सतराचा फरक," सर म्हणाले. "उद्या पाहुण्यांसमोर हा नकाशा मांडता येणार नाही."

थोरलीला मनातून बरं वाटलं. आता धाकटी भांडेल, यंत्राला नावं ठेवेल, आपल्या वहीला ठेवेल. मग बघू, असं मनात म्हणून तिने पाण्याचा पेला उचलला.

धाकटी भांडली नाही. ती पडद्यावर खाली खाली जात सूत्राच्या ओळींमागून ओळी निवडायला लागली.

"काय करतेस?" थोरलीने विचारलं.

"पुसतेय. सूत्रातच चूक असणार माझ्या. सगळ्या जंगलाला तेच लावलंय मी, सात महिने." ती सरांकडे वळली. "ताईचा आकडा चुकत नाही, सर. मी तिचेच आकडे बघून शिकले."

थोरलीने पेला खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

"पुसू नकोस," ती म्हणाली.

"अगं, पण फरक..."

"आकडा माझा चुकलाय."

सरांनी चष्मा काढला. माणूस भला होता. "यंत्र जुनं झालंय तुमचं," ते म्हणाले. "मी केव्हाचा म्हणतोय, नवं मागवू या. तसं लिहून टाकू, यंत्रात बिघाड."

वाट मोकळी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. धाकटीही होकाराची मान डोलवायला लागली होती.

"यंत्र चांगलं आहे, सर. मी खुंट्या सोडल्या. जिथे कवडसे होते तिथे काठी धरली."

सरांनी चष्मा परत लावला, ते आपल्या टेबलाकडे गेले आणि उद्याच्या पाहुण्यांना फोन लावायला बसले.

धाकटीने विचारलं, "किती ठिकाणी?"

"बारा."

का, ते तिने विचारलं नाही. पडद्यावरच्या निवडलेल्या ओळी तिने तशाच सोडून दिल्या. मग वही ओढून घेतली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली.

"उपग्रह परत आठ दिवसांनी येईल," ती म्हणाली.

"तेव्हा मोजते. नीट मोजते."

"मी येणार आहे." धाकटीने वही मिटली. "काठी मी धरीन. तू आकडे लिही."

अकरा वर्षांत थोरलीने ती काठी कुणाच्या हाती दिली नव्हती. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, काठी बाहेर काढली आणि टेबलावर धाकटीच्या बाजूला सरकवली.