सात अर्ज

थोरलीने चौथा अर्जही वाचला नाही. खाली लाल पेनाने 'जागा नाही' असं खरडलं, सही ठोकली आणि कागद असा भिरकावला की तो धाकटीच्या पायाशी जाऊन पडला.

"उचल."

धाकटीने वाकून उचलला. "जाऊबाई, घरचं भांडण घरी. इथे माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"इथे जाऊबाई नाही. मॅडम म्हणायचं."

दोघी सख्ख्या जावा. एका छपराखाली राहायच्या आणि दुर्दैवाने एकाच कंपनीत कामाला होत्या. धाकटीला इथे चिकटवली होती थोरलीनेच. पाच वर्षांत ती बरोबरीला येऊन बसली, नऊशे सर्व्हरपैकी अर्धे तिच्या ताब्यात गेले आणि तेव्हापासून थोरलीचं डोकं फिरलं ते फिरलंच. हॉलमधली डावी रांग धाकटीची, उजवी थोरलीची. नोंदींचं भांडार तेवढं थोरलीने स्वतःकडे ठेवलं होतं.

मंगळवारी दुपारी बाराला कंपनीची तिकीटविक्री चाळीस मिनिटं बंद पडली. एक रांग कोसळली, तिचा सगळा भार दुसरीवर आला आणि मिनिटाच्या आत तीही आडवी झाली. आधी कोणती पडली, एवढाच प्रश्न होता. जिची आधी, तिची नोकरी जाणार, हे वरून कळवूनच टाकलं होतं.

उत्तर नोंदींमध्ये होतं. प्रत्येक सर्व्हर दर सेकंदाला आपली हालहवाल कळवतो: भार किती, तापला किती, चालू आहे की बंद. पण सेकंदासेकंदाचं सगळं कायमचं साठवायला भांडार काही अथांग नाही. म्हणून ही बारीक नोंद सातच दिवस ठेवायची. मग प्रणाली आपोआप तासातासाची सरासरी काढते आणि मूळ नोंद पुसते. सरासरीत दोन्ही रांगा सारख्याच झोपलेल्या दिसणार. नोंद राखायची तर अर्जावर थोरलीची मंजुरीची सही हवी, आणि चौकशी संपेपर्यंत धाकटीला भांडारात शिरायलाही बंदी होती.

थोरली स्वतः उघडून बघू शकली असती. पण नोंद कोणी उघडली याचीही नोंद राहते. एकदा बघितलं की 'मला काय माहीत' म्हणायची सोय उरत नाही. शिवाय बघायचं काय? धाकटी नोंदीसाठी एवढा जीव टाकते आहे, म्हणजे तिची रांग नंतर पडली. म्हणजे आधी पडली ती आपली. हा विचार आला की थोरलीला धाकटीचा आणखी राग यायचा. पुसली जाऊ दे एकदाची. मग राहील फक्त हजेरीपत्रक, आणि त्या दुपारी कामावर होती धाकटी.

रविवारी धाकटीने जेवणाच्या टेबलावरच पाचवा अर्ज ठेवला.

"वहिनी, एक सही करायला तुमचं काय जातं?" दीर म्हणाला.

"बायकोचा वकील झालास का रे? जेव गुमान."

"हिला रस्त्यावर आणल्याशिवाय तुम्हाला घास उतरणार नाही ना?"

"नाही उतरणार," थोरली म्हणाली आणि अर्जाला हातातलं तेल पुसलं. सासूबाई ताट तसंच सोडून उठल्या. धाकटी रडली नाही. तिने तोच तेलकट कागद पुन्हा पुढे सरकवला आणि मंजुरी मिळेना म्हणताना त्यावर 'जागा नाही' तरी लिहून घेतलं.

सहावा अर्ज सोमवारी आला. सातवा मंगळवारी, साडेअकराला.

"अर्धा तास उरलाय, मॅडम. पाया पडते."

"पड."

ती खरंच पडली. थोरलीने सावकाश चष्मा पुसला, सावकाश 'जागा नाही' लिहिलं. तासाभराने भांडार उघडून पाहिलं तर बारीक नोंद पुसलेली होती. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

बुधवारी चौकशीला वरून एक शांत, किरकोळ अंगाचा अधिकारी आला. त्याने दोघींना समोर बसवून सरासरीचा आलेख पडद्यावर लावला. दोन्ही रेषा एकदमच खाली गेलेल्या दिसत होत्या.

"यातून काहीच कळत नाही," तो म्हणाला.

"हजेरीपत्रक बघा ना," थोरली पटकन म्हणाली. "कामावर कोण होतं ते त्यात आहे."

"ते बघितलं. हेही बघितलं." त्याने सात कागद टेबलावर ओळीने मांडले. एकावर तेलाचे डाग होते. "सात वेळा नोंद मागितली. सात वेळा जागा नाही. तुमच्या कपाटात अकरा कोऱ्या डिस्क आहेत. सकाळी मोजून आलो."

थोरलीने तेलकट कागद उलटा केला. "नियमाप्रमाणे सात दिवसांनंतर—"

"नियम मला माहीत आहे. ज्याची चूक असते तो नोंद मागत नाही, मॅडम. ती पुसली जायची वाट बघतो." त्याने फाइल मिटली. "संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करा. तुमची रांगही आजपासून यांच्याकडे."

पाच वाजता थोरली खोकं घेऊन लिफ्टपाशी आली. धाकटी तिथेच उभी होती. तिने दार धरून ठेवलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"झालं समाधान?" थोरली फणकारली. "तुझी रांग नंतर पडली, हे नोंदीशिवायच सिद्ध झालं."

धाकटीने खोक्यातून घसरणारा चष्मा नीट आत ठेवला.

"आधी माझीच पडली होती, जाऊबाई. तुम्ही सही करू नये म्हणून सात दिवस देव पाण्यात घालून बसले होते."