सासऱ्यांना वाफ

पांघरुणाखाली तुयेत वाफ घेत होती आणि पांघरुणाबाहेर तिच्या नाकाची सभा भरली होती.

पातेल्यात पपनसाची पानं, गवती चहा आणि ठेचलेलं आलं होतं. वास कशाचाच येत नव्हता. ऐकू मात्र सगळं येत होतं. शेजारची मुंगकाकू पान चघळत सांगत होती की नुसत्या वाफेने काही व्हायचं नाही. बांधावर जांभळ्या फुलांचं तण उगवतं, गावाने त्याला डुकराच्या विष्ठेचं नाव दिलंय, त्याचा रस नाकात सोडा. नाव वाईट पण गुण चांगला, माणसांचं नेमकं उलटं असतं. सासूबाई म्हणाल्या, तो रस सोडून झाला. लसणाचाही झाला. मिठाचं पाणी तर इतकं झालं की हिच्या नाकात आता मासे खारवता येतील. तुयेतचा नवरा क्वी चहा पीत होता. तो शांत स्वभावाचा होता. म्हणजे जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटायचं.

टेटचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सण होऊन गेला तरी पावसाची भुरभुर थांबली नव्हती, म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद होत्या. घराच्या मधल्या खणात पूर्वजांचा देव्हारा. त्यावर सासऱ्यांचा काचेच्या चौकटीतला फोटो, आणि पुढ्यात उदबत्त्यांचं राखेने भरलेलं भांडं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून तिथे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावत. सुनेचं नाक चोंदलं तेव्हापासून दुपारीही लावू लागल्या, पूर्वजांनी तिला बरं करावं म्हणून.

जिल्ह्याच्या डॉक्टरने औषधाआधी एकच गोष्ट सांगितली होती, घरातला धूर बंद करा. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्या पोराच्या घरी अजून कुणी मेलेलं नसेल."

काल बाजारात तुयेतने नासलेल्या खेकड्याचा रस्सा शेवयांवर ओतून विकला. तिला कळलंच नाही. गिऱ्हाइकाने एक घोट घेतला, वाटी तिच्यासमोर ठेवली आणि शेजारच्या विक्रेतीच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या मागून बाकीचेही उठले. घर त्या रश्श्यावर चालत होतं. आज पहाटे तिने चूल पेटवलीच नव्हती.

पांघरुणाबाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला. धुराचा वास तिला आला नाही, पण घसा जळला.

तुयेत पांघरूण टाकून उठली. सासूबाई तीन पेटत्या उदबत्त्या कपाळाशी धरून पुटपुटत होत्या, सुनेचं नाक, सुनेचं नाक. तुयेत त्यांच्या बाजूने पुढे गेली, देव्हाऱ्यावरून सासऱ्यांना दोन्ही हातांनी उचललं, आणि त्यांना घेऊन पुन्हा पांघरुणाखाली शिरली.

मुंगकाकूचं चघळणं थांबलं.

"अगं," क्वी म्हणाला, "बाबा आहेत ते."

"माहीत आहे. त्यांनाही वाफ हवी. माझ्यापेक्षा जास्त धूर ते खातात."

सासूबाईंनी पांघरुणावर थाप मारली. मग पांघरुणाला शिव्या दिल्या. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही, पूर्वज रुसतील, दिवंगत माणसाला कुणी पातेल्यावर धरतं का, तुझ्या माहेरी हेच शिकवलं का, असं बरंच काही त्या म्हणाल्या. मुंगकाकूने दोन ठिकाणी भर घातली. क्वीने चहाचा पेला खाली ठेवला, हे त्याच्या मानाने पुष्कळ होतं.

पांघरूण हललं नाही. आतून आवाज आला, चोंदलेला, पण स्वच्छ.

"आई, बाबा जन्मभर ओसरीवर झोळी बांधून का झोपायचे?"

"त्यांना घरात उकडायचं."

"या असल्या थंडीत?"

मुंगकाकूला घरी काहीतरी चुलीवर ठेवल्याचं आठवलं, पण ती गेली नाही.

"शिंकत यायचे जेवायला," आतला आवाज म्हणाला. "भराभरा जेवायचे आणि बाहेर जायचे. तुम्हाला वाटायचं, स्वयंपाक आवडला नाही. वर्षानुवर्षं तुम्ही मीठ कमी-जास्त करत राहिलात."

सासूबाईंच्या हातातल्या उदबत्त्यांची राख वाकली आणि त्यांच्याच पायावर पडली. त्यांनी पाय हलवला नाही.

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी सांगतेय ना."

तुयेतने पांघरूण फेकलं. चेहरा लालबुंद, केस गालांना चिकटलेले, डोळे सुजलेले. तिने फोटो सासूबाईंच्या समोर धरला. काच धुरकटली होती आणि सासरे त्या धुक्यापलीकडून नेहमीसारखेच काही न बोलता बघत होते. वाफेचं पाणी काचेवर साचलं होतं. त्यातला एक ओघळ नेमका त्यांच्या नाकाखालून निघाला आणि मिशीवरून खाली उतरू लागला.

सासूबाईंनी झडप घालून फोटो घेतला. दुसरा हात मोकळा हवा होता, म्हणून त्यातल्या उदबत्त्या त्यांनी पातेल्यात बुडवल्या. चुर्र झालं.

"अहो, तोंड नव्हतं का तुम्हाला?" त्या काचेला म्हणाल्या, आणि सर्दी लपवलेल्या व्रात्य पोराचं पुसावं तसं, बाही ओढून, रगडून रगडून त्यांचं नाक पुसू लागल्या.