बाहेरचा बाक

"विषय तिसरा. शाळेच्या जिन्याला नवा कठडा बसवणे," सचिवांनी वाचलं. "ज्या सभासदांची मुलं त्या शाळेत असतील, त्यांनी तसं जाहीर करून मतदान होईपर्यंत बाहेर थांबावं."

नगरसेविका सवयीने उठली. महिन्याभराने ती आज पहिल्यांदाच सभेला आली होती. "माझी मुलगी आहे, चौथीत," म्हणाली आणि पर्स घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मागच्या वेळीही ती इथेच बसली होती. तेव्हा हाच ठराव एका मताने पडला होता; जिन्यावरच्या अपघातानंतर तो आज पुन्हा मांडला होता. शिपाई हळहळला, तर तीच त्याला म्हणाली होती, "नियम म्हणजे नियम."

आज आत मतदान सुरूच होईना. मग दार उघडून सचिव स्वतःच बाहेर आले आणि उगाच चष्मा पुसत उभे राहिले.

"झालं मतदान?"

"नाही, ताई." त्यांनी बाकावरची तिची पर्स उचलून हातात धरली. "तुम्ही आत चला. आता त्या शाळेत तुमचं कुणी नाही. तुम्हाला मत देता येतं."