राखेचा डबा

नवऱ्याचं तेरावं झाल्यावर नागूबाईने त्याच्या खाटेखालचा राखेचा डबा मोरीत धुवायला घेतला. पाणी ओतताच मोरीच्या तोंडाशी तांबडा दिवा लागला.

असे दिवे दवाखान्याने आणि गल्लीच्या महिला मंडळाने मिळून घरोघरी बसवले होते. सांडपाण्यात रोग दिसला की मंडळाच्या बायका गोळ्या घेऊन दारात येत. वर्षभर एकही दिवा लागला नाही, तर कोपऱ्यावर 'निरोगी गल्ली' अशी पाटी लागे. यंदाची पाटी नागूबाईच्या नवऱ्यानेच, आंबादासनेच ठोकली होती. मागावर कापड विणताना त्याला खोकला धरला, तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्यापायी पाटी उतरायला नको. आमचा बाप थुंकायचा तसा राखेत थुंकतो." चूळही तो मोरीत न टाकता त्याच राखेच्या डब्यात टाकायचा. नागूबाई रोज ती राख लांब नेऊन पुरायची.

थोड्याच वेळात मंडळातली रेश्मा गोळ्यांची पिशवी घेऊन धावत आली.

"मावशी, क्षय दाखवतोय. खोकला कुणाला आहे?"

"ह्यांना होता."

रेश्मा डब्याकडे बघत राहिली. "भिंतीला भिंत लागून राहतो आपण, एक हाक मारायची होती. सहा महिने गोळ्या घेतल्या असत्या, तर काका बरे झाले असते."

"पाटी उतरली असती," नागूबाई म्हणाली.

रेश्माने पिशवीतून एक छोटी डबी काढून तिच्या हातात दिली. "आता तुमची थुंकी तपासायला द्या."

नागूबाई डबी घेऊन सवयीने चुलीपाशी गेली आणि डबीच्या तळाला तिने चिमूटभर राख पसरली.